हस्तलिखित ते युनिकोड : गूगल डॉक्सवरचा जोडधंदा

मराठीत हाताने लिहिणारी माणसे अजून पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षकांच्या आठवणींच्या वह्या, गावच्या देवस्थानाचा इतिहास, भजनी मंडळाचा पदसंग्रह, एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभांची इतिवृत्ते हे सारे आजही आधी कागदावरच उतरते. छापायचे, जपायचे किंवा दूरच्या नातेवाइकांना पाठवायचे ठरले की हा मजकूर संगणकावर आणावा लागतो. हे काम पूर्वी डीटीपी केंद्रात होत असे. विकत घेतलेले श्री-लिपी किंवा आकृतीसारखे सॉफ्टवेअर, त्याचा खास कळफलक आणि वर्षानुवर्षांचा सराव असल्याशिवाय या धंद्यात पाऊल टाकता येत नव्हते. आता साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि गूगल डॉक्स एवढ्या सामग्रीवर ते घरी करता येते. गूगल डॉक्स मोफत आहे आणि गूगलच्या एका खात्यासोबत १५ जीबी साठवणही मोफत मिळते. नुसत्या मजकुराच्या फाइली इतक्या लहान असतात की टंकनाच्या कामाला ती जागा वर्षानुवर्षे पुरते.

हे साधन सर्वांनाच फुकट मिळते, हे मात्र आरंभीच ध्यानात घ्यावे. लेखकाचा नातूही फोनवर बोलून मजकूर उतरवू शकतो. त्यामुळे अक्षरे पडद्यावर आणून देण्याला फारशी किंमत उरलेली नाही. उतरवलेला मजकूर मुळाबरहुकूम आहे, त्यात चुका नाहीत आणि तो छापखान्याला जसाच्या तसा चालेल, या तीन गोष्टींची खात्री देणाऱ्यालाच पैसे मिळतात. थोडक्यात, हा धंदा टंकनापेक्षा तपासणीचा आहे. ज्याला शुद्धलेखनाची जाण आहे, दुसऱ्याच्या मजकुराविषयी आदर आहे आणि एकच पान तीनदा वाचण्याचा कंटाळा नाही, त्याला तो मानवतो. वेगाने टाइप करता येणे ही त्यानंतरची गोष्ट.

मजकूर आत कसा आणावा

मजकूर आत आणण्याचे तीन मार्ग आहेत आणि बहुतेक कामांत तिन्ही मिसळून वापरावे लागतात.

पहिला मार्ग बोलण्याचा. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठीसह आठ भारतीय भाषांची भर घातली. डॉक्समध्ये ती ‘टूल्स’ या यादीत ‘व्हॉइस टायपिंग’ नावाने सापडते. क्रोम ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की डावीकडे माइकचे चित्र येते. त्यावरच्या यादीतून मराठी निवडून चित्रावर टिचकी द्यावी आणि वाचू लागावे. बोललेले शब्द गूगलच्या सर्व्हरवर ओळखले जातात, म्हणून इंटरनेट अखंड असावे लागते. दुसरी खिडकी उघडली किंवा फार वेळ गप्प राहिले की माइक बंद पडतो, आणि नवख्याच्या ते लक्षात न आल्याने पानभर वाचन वाया जाते. वाचताना एक डोळा पडद्यावर हवाच. लॅपटॉपच्या अंगच्या माइकपेक्षा फोनसोबत मिळणारा साधा इअरफोन अधिक चांगले ऐकतो. पंखा बंद करून, दार लोटून बसावे. सुट्या शब्दांपेक्षा पूर्ण वाक्य एका दमात, नेहमीच्या चालीवर वाचले तर यंत्र संदर्भावरून शब्द बरोबर निवडते. एकेक शब्द तोडून उच्चारला की चुका वाढतात.

इंग्रजीत ‘कॉमा’ म्हटले की स्वल्पविराम पडतो, तशी सोय मराठीत नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हे आणि परिच्छेद हे सगळे हातानेच द्यावे लागते. अनुभवी माणसे एक परिच्छेद बोलून घेतात, माइक थांबवतात, विरामचिन्हे भरतात आणि मगच पुढे सरकतात. पूर्ण प्रकरण आधी बोलून ठेवले तर विरामचिन्हांविना सलग वाहणाऱ्या त्या मजकुरातून वाक्ये शोधणे हेच मोठे काम होऊन बसते.

दुसरा मार्ग चित्रावरून अक्षरे ओळखण्याचा, म्हणजे ओसीआरचा. पानाचे स्वच्छ छायाचित्र किंवा पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून, त्यावर उजवी टिचकी देऊन ते गूगल डॉक्समध्ये उघडले की चित्राखाली त्यातला मजकूर उमटतो. फाइल २ एमबीच्या आत असावी, पान सरळ असावे आणि अक्षरे फार बारीक नसावीत. जुन्या छापील पुस्तकांसाठी हा मार्ग उत्तम आहे. हस्ताक्षरासाठी मात्र त्यावर विसंबू नये. लपेटदार मराठी हस्ताक्षरात जोडाक्षरे आणि काना-मात्रा एकमेकांत इतके गुंततात की हाती येणारा मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने वाचून काढणे लवकर होते.

तिसरा मार्ग कळफलकाचा. दुरुस्त्या, विशेषनामे, तक्ते, पदांच्या ओळी आणि बोलीतले संवाद यांना तो टळत नाही. भारत सरकारने १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. तो वेगळा विकत घ्यावा किंवा उतरवून घ्यावा लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने अशी त्याची मांडणी तर्कशुद्ध असल्याने रोज अर्धा तास सराव केला तर काही आठवड्यांत हात बसतो. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारे कळफलक सोपे वाटतात. पण त्यांतही शब्द सुचवताना यंत्र मध्ये पडते, आणि इथे नेमके तेच नको असते.

तपासणी

बोललेल्या मजकुरातल्या चुका टंकनाच्या चुकांहून निराळ्या असतात. टंकताना बोट चुकले तर निरर्थक शब्द तयार होतो आणि तो डोळ्यांना लगेच खुपतो. यंत्राने ऐकताना केलेल्या चुकीतून मात्र अर्थपूर्ण, शुद्ध दिसणारा, पण भलताच शब्द येतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. मराठी उच्चारात हे फरक फारसे ऐकू येत नाहीत. म्हणून यंत्र जो शब्द जास्त वेळा आढळतो तो टाकून मोकळे होते. शब्द तपासणारे कोणतेही सॉफ्टवेअर त्याखाली लाल रेघ ओढत नाही, कारण शब्द म्हणून तो बरोबरच असतो.

अनुस्वारांचे तसेच. ‘शिक्षकाने’ आणि ‘शिक्षकांनी’ यांत गोंधळ सहसा होत नाही, पण ‘त्याच्या’ आणि ‘त्यांच्या’ यांत होतो. आठवणींच्या पुस्तकात वडिलांचा उल्लेख आदरार्थी येत असताना मध्येच एका ठिकाणी ‘त्याच्या’ पडले तर लेखकाला ते किती लागेल, याचा विचार टंकणाऱ्याने करायला हवा. शब्दयोगी अव्यये सुटी पडणे ही आणखी एक नित्याची चूक : ‘घरासमोर’चे ‘घरा समोर’, ‘त्याच्यासाठी’चे ‘त्याच्या साठी’. ‘च’ आणि ‘ही’ कधी मागच्या शब्दाला चिकटतात, कधी वेगळे राहतात. आकडे बहुधा इंग्रजी अंकांत येतात. मजकुरात इंग्रजी शब्द आला की तो कधी देवनागरीत, तर कधी रोमनमध्ये उमटतो.

ऱ्हस्व-दीर्घासाठी आधार हवा तो नियमांचा. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि राज्य शासनाने स्वीकारलेले १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर, असे एकूण अठरा नियम आज प्रमाण मानले जातात. ते काही पानांत मावतात आणि या धंद्यात उतरणाऱ्याने ते पाठच केलेले बरे. शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ, पण ‘आणि’ व ‘नि’ ऱ्हस्व. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’. मात्र ‘परीक्षा’सारख्या संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दात मूळची दीर्घ ‘री’ कायम. शंका आली की अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडावा. हा कोश विकत घेणे हा या जोडधंद्यातला बहुधा पहिला आणि सर्वांत उपयोगी खर्च ठरतो.

नियम माहीत असणे जितके गरजेचे, तितकेच ते कुठे लावू नयेत हे कळणेही. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोलीतले संवाद यंत्राला वाचून दाखवले की ते त्यांना प्रमाण मराठीकडे ओढते. वऱ्हाडी पात्राच्या तोंडचे ‘जाऊन रायलो’ गुपचूप ‘जाऊन राहिलो’ होण्याचा धोका असतो. लेखकाने जे जपून आणले तेच त्यात हरवते. असे संवाद न बोलता अक्षर अक्षर टंकावेत आणि मुळाशी दोनदा ताडून पाहावेत. जुन्या वह्यांचा प्रश्न वेगळाच. १९६२ पूर्वी शिकलेल्या पिढीच्या लेखनात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ असे आज न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास आढळतात. आजोबांची रोजनिशी कुटुंबासाठी जपायची असेल तर ते ठेवण्यातच तिचे मोल आहे. पुस्तक आजच्या वाचकासाठी काढायचे असेल तर काढून टाकणे योग्य. हा निर्णय टंकणाऱ्याने आपल्या मनाने घेऊ नये. पहिल्या दोन-तीन पानांचा नमुना दोन्ही प्रकारे करून दाखवावा आणि घरच्यांकडून उत्तर घ्यावे.

तपासणीची सर्वांत भरवशाची पद्धत जुन्या छापखान्यांतली आहे. एकाने मूळ प्रत मोठ्याने, विरामचिन्हांसकट वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची. घरात कोणी साथ देणारे असेल तर या पद्धतीइतकी खात्री दुसऱ्या कशाने होत नाही. एकट्याने काम करायचे असल्यास बोलून घेतल्याच्या दिवशीच तपासू नये; एक रात्र मध्ये गेली की डोळे ताजे होतात. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नये. तिथे पिवळा रंग द्यावा आणि डॉक्समधल्या ‘कॉमेंट’मध्ये पानाचा व ओळीचा क्रमांक टाकून लेखकाला विचारावे. लेखकाला फाइल पाहण्यासाठी देताना ‘कॉमेंटर’ एवढाच अधिकार द्यावा. पूर्ण अधिकार दिला तर नकळत एखादा परिच्छेद पुसला जाऊ शकतो. तसे घडलेच तर ‘व्हर्जन हिस्टरी’मधून आधीची प्रत परत आणता येते.

युनिकोड, फाँट आणि छापखाना

डॉक्समधला मजकूर युनिकोडमध्ये असतो. जुन्या डीटीपी फाँटमध्ये प्रत्येक कंपनीची अक्षरांची जागा वेगळी असल्याने फाँट बदलला की मजकुराची निरर्थक चिन्हे होत. युनिकोडमध्ये तसे होत नाही. पण काही छापखान्यांत अजून जुने पेजमेकर चालते, आणि त्यात युनिकोड देवनागरी नीट उमटत नाही. त्यामुळे काम घेण्याआधीच लेखकाकडून छापखान्याचे नाव घेऊन तिथे एका पानाचा नमुना पाठवावा. युनिकोड चालत नसेल तर रूपांतरक वापरून जुन्या फाँटमध्ये मजकूर नेता येतो, पण रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात. त्यानंतर पुन्हा एक वाचन करावेच लागते आणि त्याचे पैसे वेगळे सांगावेत.

मराठीपुरत्या दोन बारीक गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो : एक ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, दुसरा साध्या र नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चेही असेच दोन अवतार आहेत. एकाच पुस्तकात दोन्ही मिसळले की शोधताना निम्मे शब्द सापडत नाहीत आणि सूची अपुरी राहते. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ कळ दाबली की ऱ मिळतो. पूर्ण फाइलमध्ये तोच ठेवावा. काम संपल्यावर कंट्रोल आणि एच दाबून ‘शोधा आणि बदला’ची खिडकी उघडावी आणि दुसरे रूप एका फटक्यात बदलून टाकावे.

फाँटसाठी खर्च करण्याची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, गूगलचा ‘नोटो’, तसेच खास मराठी वळणाचा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फाँट मुक्त परवान्याखाली मिळतात आणि ते छापील पुस्तकातही वापरता येतात. फाँट निवडताना त्यातले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हे पाहून घ्यावे. अनेक फाँटमध्ये हिंदी वळण असते, आणि मराठी पुस्तकाच्या पानावर ते परके वाटते.

दर

दर पानावर सांगण्याची जुनी रीत आहे, पण हस्तलिखिताचे पान कुणाचे दीडशे शब्दांचे असते, तर कुणाचे चारशे. शब्दांवर दर सांगितला की वाद होत नाही. डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबले की शब्दसंख्या दिसते आणि ती लेखकालाही दाखवता येते.

दर ठरवण्याआधी आपला वेळ मोजावा. समजा, २५० शब्दांचे एक पान वाचून उतरवायला चार मिनिटे, विरामचिन्हे आणि दुरुस्तीला दहा आणि मुळाशी ताडायला सहा मिनिटे लागली. म्हणजे पानाला वीस मिनिटे, तासाला तीन पाने. पानाला ३० रुपये घेतले तर तासाचे ९० रुपये पडतात. ५० घेतले तर १५०. दीडशे पानांच्या वहीला या हिशेबाने ५० तास लागतील आणि रोज दोन तास दिले तर पंचवीस दिवस. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपली पहिली दहा पाने घड्याळ लावून करावीत. त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. या पानात बोलण्याचा वाटा फक्त चार मिनिटांचा आहे, बाकी वेळ तपासणीचा. ‘आता तर यंत्रच लिहिते, मग इतके पैसे कशाचे?’ असे विचारणाऱ्या ग्राहकाला यंत्राने लिहिलेले कच्चे पान आणि तपासलेले पान शेजारी शेजारी दाखवावे.

अवघड हस्ताक्षर, संस्कृत अवतरणे, तळटीपा, तक्ते आणि बोली यांना जादा दर घेणे रास्त आहे. एक तृतीयांश रक्कम आगाऊ घ्यावी. दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत हे आधी लिहून द्यावे, कारण टंकलेला मजकूर पाहिल्यावर लेखकाला नवे काही सुचते आणि तो प्रकरणे बदलू लागतो. तो त्याचा हक्क आहे. पण ते नवे काम धरावे.

काम कुठे मिळते, आणि कुठे फसवणूक होते

काम मिळते ते ओळखीतून. गावचे किंवा उपनगरातले सार्वजनिक वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, साहित्य परिषदेची स्थानिक शाखा, महाविद्यालयातील मराठी विभाग, छोटे प्रकाशक आणि मुद्रक यांच्याकडे हस्तलिखिते येत असतात. चार पानांचा नमुना, दर आणि फोन क्रमांक असलेला एक कागद तिथे देऊन ठेवावा. संशोधक विद्यार्थ्यांना मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांवरून लिखित प्रत हवी असते. तिथे ध्वनिफीत कानाने ऐकून आपल्या आवाजात पुन्हा बोलणे ही पद्धत उपयोगी पडते. परदेशी राहणारी मराठी कुटुंबेही आई-वडिलांच्या वह्या अशा प्रकारे करून घेऊ शकतात. कागद न पाठवता पानांची छायाचित्रे पाठवली तरी काम होते.

‘घरबसल्या टायपिंग करा, रोज हजारो कमवा’ अशा जाहिरातींपासून मात्र दूर राहावे. त्यांची रीत ठरलेली असते. आधी नोंदणीशुल्क किंवा अनामत मागितली जाते. मग एक करार पाठवला जातो. काम पूर्ण करून दिल्यावर अचूकता कमी भरली म्हणून पैसे नाकारले जातात आणि शेवटी वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून उलट दंड मागितला जातो. गृहिणी आणि विद्यार्थी या धमकीला घाबरून पैसे भरतात. काम देणारा कधीही काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही, एवढी एकच कसोटी पुरेशी आहे. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही. कोणी तसे सांगितले तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हिशेब आणि कायदा

वहीत तारीख, ग्राहक, शब्दसंख्या आणि मिळालेली रक्कम लिहीत जावी. टंकनातून मिळालेले पैसे व्यवसायाचे उत्पन्न ठरतात, त्यामुळे पगारदारांचे साधे आयटीआर-१ विवरणपत्र मग चालत नाही. नेमके कोणते भरावे ते करसल्लागाराला विचारावे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात किंवा गोव्यात २० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असल्याने त्यांनी जोडधंदा सुरू करण्याआधी आपल्या कार्यालयाची परवानगी तपासावी.

टंकून दिल्याने मजकुराचा हक्क टंकणाऱ्याकडे येत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे लेखन आज कोणालाही उतरवून प्रसिद्ध करता येते. पण कालपरवा गेलेल्या लेखकाची कादंबरी ओसीआर करून विकणे हा गुन्हा आहे, मग ती बाजारात मिळत नसली तरी.

रोजनिश्या, पत्रे आणि कौटुंबिक वादाची कागदपत्रे हाती घेताना, मजकूर ओळखण्यासाठी तो गूगलच्या सर्व्हरवर जातो हे ग्राहकाला आधीच सांगावे. त्याला ते नको असेल तर सगळे काम इंटरनेटविना कळफलकावर करावे आणि दर तसा लावावा. डॉक्समधली फाइल दुवा असलेल्या कोणालाही उघडेल अशी ठेवू नये. लेखकाच्या ईमेल पत्त्यापुरतीच ती खुली करावी. मूळ वही घेताना पाने मोजून पोच द्यावी आणि परत करताना पुन्हा मोजून सही घ्यावी, कारण अशा वहीची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसते. छापील पुस्तक हाती येईपर्यंत फाइल सांभाळावी. मग लेखकाला विचारून ती काढून टाकावी आणि ‘ट्रॅश’ही रिकामा करावा, नुसती पुसलेली फाइल तिथे तीस दिवस राहते.